मदत हवी आहे: उन्हाळ्यात आजी-आबाजींकडे लहान बाळांना घेऊन जाताना

दर रविवारी आम्ही सगळी भावंडं दारव्ह्याजवळच्या गावी आई-बाबांकडे जमतो. यंदा घरात दोन बाळं आहेत, माझी चार महिन्यांची मुलगी आणि भावाचा दहा महिन्यांचा मुलगा. आबाजींनी माजघरात झोळी बांधून ठेवली आहे, ते शनिवारपासूनच वाट पाहतात. त्यामुळे जाणं बंद करायचं नाही.

पण मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या आसपास जातो. घरावर टिनं आहेत आणि दुपारी लाईन गेली की कूलरही बंद. अशा वेळी बाळांना थंड कसं ठेवता? ओल्या फडक्याने अंग पुसणं पुरतं का?

दुसरं जास्त नाजूक आहे. उन्हाळा म्हणून आजी मुलीला चमच्याने पाणी पाजू पाहते, शिवाय मधाचं बोट चाटवते. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, हे मला ठाऊक आहे. मधातून बाळाला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. पण तिने आम्हा सगळ्यांना असंच वाढवलं, तिचं मन दुखवायचं नाही. गावातल्या आशाताईंकडून सांगितलं तर ऐकेल का? तुम्ही घरी कसं समजावलं?