राडारोड्यापासून बनवलेला माल पालिकेच्या निविदांत सक्तीचा करावा का?

खडीफोड:
केंद्राच्या २०१६च्या नियमांनी सरकारी आणि पालिकेच्या कामांत राडारोड्यातून तयार झालेला माल साधारण १० ते २० टक्के सक्तीचा करायला सुचवलं होतं. निविदेत मात्र ते 'शक्य असल्यास' होऊन बसतं. ते दोन शब्द काढा. सुरुवात पदपथाखालच्या पीसीसीपासून, म्हणजे लोखंडी सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटच्या थरापासून. खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याप्रमाणे एम१५ या ताकदीच्या प्रतीच्या खालच्या काँक्रीटला अशी १०० टक्के खडी चालते.

बिलोटेंडर:
पीसीसीपुरतं ठीक, पण उद्या हेच पेव्हर ब्लॉकला लावाल. तिथे मर्यादा २५ टक्के, आणि तीही फक्त फोडलेल्या काँक्रीटच्या खडीला. वीट-प्लास्टर मिसळलेल्या मालाला एम१५च्या वर जागाच नाही. जुना मसाला चिकटलेली खडी पाणी पिते. आधी भिजवली नाही तर माल मिक्सरमध्येच कोरडा पडतो, मजूर वरून पाणी ओततो, ताकद गेली. अंदाजपत्रकापेक्षा २५ टक्के कमी दराने काम घेतलेला ठेकेदार खडी भिजवत बसेल?

दरसूची_पंडित:
दोघेही भलतीकडेच भांडताय. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक दरसूचीवरून, म्हणजे कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांच्या यादीवरून करतो. त्यात ती बाब नसली की दर पृथक्करण, म्हणजे दर कसा काढला त्याचा तपशील जोडा, मग लेखापरीक्षणात उत्तरं द्या. तो कशाला नसती ब्याद घेईल? खाणीची खडी लिहून मोकळा होतो. कलम कितीही कडक करा, स्वतंत्र बाब आणि स्वतंत्र दर नसेल तर फुकट.
देयकही त्यालाच बांधा. १,००० चौ.मी. पदपथ, १०० मिमी जाडीचं १:३:६ (सिमेंट:वाळू:खडी) पीसीसी म्हणजे १०० घनमीटर. त्याला खडी सुमारे ९० घनमीटर. तेवढ्याच्या प्लांटच्या वजनकाट्याच्या पावत्या मोजमाप पुस्तिकेला (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही) जोडल्याशिवाय पैसे नाहीत. टनांचे घनमीटर करताना घनता मात्र याच मालाची मोजून घ्या. तो हलका असतो, खाणीच्या खडीची घनता धरलीत तर हिशोब चुकणार.

बिलोटेंडर:
पावत्यांचं पटलं. पण शहरात प्लांट एकच असेल तर तो सांगेल तो दर. शिवाय लीड, म्हणजे माल वाहून आणायचं अंतर, ३० किमी झाला की डिझेलमध्येच सगळं गेलं.

खडीफोड:
म्हणून पालिकेनेच प्लांटशी वार्षिक दरकरार करावा आणि माल ठेकेदाराला पुरवावा.

दरसूची_पंडित:
पालिकेने पुरवायचा माल एक आठवडा उशिरा आला की ठेकेदाराचं मुदतवाढीचं पत्र दुसऱ्या दिवशी टेबलावर. साठा कोणी, कुठे ठेवायचा, ते आधी लिहा.