गिझर बदलावा की आहे तोच दुरुस्त करावा? मदत हवी आहे

नाशिकमध्ये तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत आम्ही पाच जण राहतो. एरवी महिन्याला १९० युनिटच्या आसपास असणारा वापर थंडीत ३१५ वर जातो आणि ३०० च्या पुढच्या युनिटांना वरच्या टप्प्याचा महाग दर लागतो.

चोक असलेल्या ४० वॅटच्या चारही ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी बसवल्या, पण थंडीतली वाढ तशीच राहिली, त्यामुळे मूळ गिझरमध्येच आहे याची मला खात्री वाटते. तो २५ लिटरचा, २ किलोवॅटचा आणि नऊ वर्षे जुना आहे. थर्मोस्टॅट ६५ वरून ५० अंशांवर आणला आहे. एका रविवारी घरातील बाकी सर्व बंद ठेवून आणि थेंबभरही पाणी न वापरता गिझर बारा तास चालू ठेवला, तेव्हा मीटरवर पाऊण युनिट पडले. पाणी बोअरचे आणि जड असल्याने नळाच्या जाळीवरही पांढरा थर साचतो.

गच्ची सामाईक असल्याने सौर बंब तूर्त शक्य नाही, आणि न्हाणीघराला खिडकी नसल्याने गॅस गिझर मला धोक्याचा वाटतो. वडिलांना दुपारीही गरम पाणी लागते.

तेवढेच पाणी तापवायला वीज तेवढीच लागणार, हे मान्य. मग ३ लिटरचा इन्स्टंट गिझर घेतल्यास फक्त पाणी गरम राखण्यात जाणारी वीज वाचेल, की कॉइलवरील क्षार काढल्यानेही युनिटमध्ये जाणवण्याइतका फरक पडेल? ज्यांनी मीटर पाहून तुलना केली आहे, त्यांचे आकडे काय सांगतात?