धर्माने नीतीचे नियम का केले? आधी नियम की आधी देव?

खाडीकाठ (धागा सुरू करणारा)

श्रावण जवळ आला की आमच्या रत्नागिरीकडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच मजकूर फिरायला लागतो. पूर्वजांनी श्रावणात मासे वर्ज्य केले, कारण तो माशांच्या विणीचा काळ. बघा, धर्मात किती विज्ञान आहे. मला हे पटत नाही, आणि प्रश्न फक्त माशांचा नाही.

आधी तारखा बघू. राज्याची यांत्रिक नौकांना पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला लागला. २०२४ ला श्रावण ५ ऑगस्टला लागला. म्हणजे बंदी उठून होड्या समुद्रात गेल्यावर आपण मासे सोडले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नारळी पौर्णिमा ही श्रावणातलीच पौर्णिमा. कोळीवाडा दर्याला नारळ वाहतो आणि मासेमारीचा हंगाम सुरू करतो, तो ऐन श्रावणात. विणीचं रक्षण हा हेतू असता तर ज्येष्ठ-आषाढ धरायला हवा होता.

आणि चढणीचे मासे? पहिले मोठे पाऊस झाले, वहाळ भरून वाहायला लागले की मासे प्रवाहाच्या उलटे चढत शेतात येतात. अंडी घालायलाच येतात, पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म फुगलेली असतात. त्या रात्री अख्खी वाडी बॅटऱ्या, जाळी, कोयत्या घेऊन चिखलात उतरते. मीही लहानपणापासून उतरलोय. विणीचा याहून उघड क्षण कोकणात दुसरा नाही आणि त्यावर एकही व्रत नाही, एकाही देवाची मनाई नाही.

माझं म्हणणं असं: धर्म नीती शोधून काढत नाही. माणसं एकत्र राहताना नियम करतात, काही गरजेपोटी, काही सत्तेपोटी, काही फक्त आपले-परके ओळखायला. मग तो नियम मोडू नये म्हणून देवाला राखणीला बसवतात. हम्मुराबीची सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची शिळा बघा. वरच्या बाजूला राजा शमाश देवासमोर उभा आहे, आणि खाली कायदे कशाचे, तर कर्जाचे, बांध न राखल्याच्या भरपाईचे, बैलाच्या भाड्याचे. व्यवहार माणसांचा आणि वर शिक्का देवाचा.

न्यायाची जाणीव तर माणसाच्याही आधीची दिसते. २००३ मध्ये सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कॅपुचिन माकडांवर प्रयोग केला. शेजारच्या माकडाला त्याच कामाबद्दल द्राक्ष मिळताना दिसलं की आपल्याला मिळालेली काकडी घ्यायला माकडं नकार द्यायची. त्यांना कुठल्या पोथीने शिकवलं?

एकदा देव राखणीला बसला की चांगला नियम आणि वाईट नियम दोन्ही सारखेच पवित्र होतात. माझी खरी तक्रार ही आहे.

मालवणातलो

आमच्या गावात देवाच्या रायेतली सुकी काटकी पण कोण घराक व्हरणत नाय. फॉरेस्टवाल्यांचो बोर्ड लावलेल्या डोंगरार आता झाड शिल्लक नाय. ह्येचा उत्तर आधी द्या.

देवगडकर

वरच्या प्रतिसादातला मुद्दा मी जरा सविस्तर मांडतो, कारण तो दोन ओळींत उडवून लावण्यासारखा नाही.

श्रावणाबद्दल तुमचं बरोबर आहे, ते फॉरवर्ड मलाही खटकतात. व्रताला विज्ञानाचं प्रमाणपत्र कशाला हवं? संयम ही स्वतःच एक किंमत आहे. महिनाभर जिभेला आवर घालता आला, एवढंच त्या व्रताचं काम.

पण देवराया घ्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचं रान संपलेलं असताना देवाच्या नावावरचा तुकडा टिकलेला त्यांना दिसला. तिथे पहारेकरी नव्हता, कुंपण नव्हतं. होता तो राखणदार, म्हणजे जागा राखणारा देव.

उलट बाजूला आपला समुद्र बघा. सागरी मासेमारीचा कायदा १९८१ पासून आहे. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवा वेढून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी आजही रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं तर लांबवर दिव्यांचा उजेड दिसतो. पारंपरिक मच्छीमार ओरडून थकले. कागदावरच्या नियमाला गस्तीनौका लागते, इंधन लागतं, प्रामाणिक अधिकारी लागतो. मनातल्या नियमाला यातलं काहीच लागत नाही. तो मनात पेरायची ताकद धर्माइतकी कोणाकडे आहे, ते सांगा.

आणि नियम माणसांनी केला हे मान्य केलं, तरी तो खोटा ठरत नाही. भाषाही माणसांनीच केली.

शेवटी एक. 'आधी समाज, मग माणसाच्या वागण्यावर नजर ठेवणारा देव' हा विषय अभ्यासकांतही मिटलेला नाही. अरा नोरेन्झायन यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की अनोळखी माणसांचे मोठे समाज उभे राहायला असा देव मदतीला आला. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये एक निबंध याच्या उलट निष्कर्ष घेऊन आला, म्हणजे आधी मोठे समाज आणि मग असे देव. तुमच्या बाजूचाच म्हणा. तो २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण ज्या काळाची नोंदच नव्हती तिथे 'असा देव नव्हता' असं धरून हिशेब केला होता. तेव्हा जरा जपून.

खाडीकाठ

निबंधाचं ठाऊक आहे, म्हणूनच मी त्याचा आधार घेतला नाही.

देवराईवर बोलू. भीतीने झाडं राखली हे खरं. पण ती तुटतात कशी हेही बघा. जांभ्या दगडाचं, कौलारू देऊळ जुनं झालं, मुंबईकरांनी वर्गणी काढली, स्लॅबचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं. लाकूड आणि जागा रायेतून हवी. मग काय करतात? देवाला कौल लावतात. ओल्या कळ्या किंवा तांदूळ पाषाणाला चिकटवायचे, उजवीकडचा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. माझ्या आजोळी मी समोर उभा होतो. पहिल्यांदा डावा पडला. मानकऱ्यांनी, म्हणजे देवळात मान असलेल्या घराण्यांतल्या माणसांनी, गाऱ्हाणं (देवाकडे मोठ्याने केलेली विनवणी) फिरवून घातलं, नवी झाडं लावू, वाढीव मान देऊ, असं बोलून पुन्हा कळ्या लावल्या. तिसऱ्या खेपेला उजवा पडला आणि चार दिवसांत करवत चालली. शंभरी ओलांडलेला सातवीण गेला.

राखणदार देव असतो, पण त्याला प्रश्न विचारायचा हक्क कोणाकडे आहे, किती वेळा विचारायचा हे कोण ठरवतं? गावचे ठरलेले मानकरी. त्यांना कोणी अडवू शकत नाही, कारण आता ती देवाची आज्ञा झाली. गस्तीनौकेचा अधिकारी लाच खातो तेव्हा निदान त्याच्यावर तक्रार तरी करता येते.

महाडची

राई टिकली याचं कौतुक ऐकते आहे. त्याच देवळाच्या पायरीखाली कोणाला उभं ठेवलं होतं, तेही या चर्चेत यायला हवं.

मी महाडची. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. म्हणजे माणसांचा नियम बदलला होता. तरी पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग काय झालं? देवळात घुसणार अशी आवई उठवून लोकांना मारहाण झाली, आणि नंतर पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. गुरंढोरं जिथे पाणी पितात तिथलं पाणी माणसाच्या ओंजळीने बाटलं! तळ्याचा खटला हायकोर्टात निकाली निघायला मार्च १९३७ उजाडला.

देवगडकर, तुम्ही म्हणता मनातल्या नियमाला पहारा लागत नाही. अगदी खरं. म्हणूनच नगरपालिकेचा कागद तीन वर्षं निकामी पडून राहिला. ज्या ताकदीची तुम्ही स्तुती करता, तीच ताकद आमच्या आज्या-पणज्यांच्या आड उभी होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडातच मनुस्मृती जाळली ती याच कारणासाठी. नियम बदलायचा तर आधी त्याचं पावित्र्य काढून घ्यावं लागतं.

देवगडकर

तुमच्या एकाही वाक्याला माझा विरोध नाही. ते पाप होतं, आणि धर्माच्या नावाने झालं.

पण पुढचा प्रवास बघा. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला धर्म सोडून दिला असं नाही, धम्म स्वीकारला. सोबत २२ प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. हे नीतीचे नियमच आहेत, आणि ते त्यांनी एखाद्या सरकारी परिपत्रकातून दिले नाहीत, दीक्षेच्या विधीत दिले. नुसत्या तर्काने लोक नियम पाळत नाहीत हे त्यांना कळलं होतं. रत्नागिरीत १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी बांधलं, तेही मंदिरच होतं. वाईट नियम मोडायलाही धर्माचीच भाषा लागली.

महाडची

२२ प्रतिज्ञांमधल्या पहिल्या काही वाचा. अमुक देवाला देव मानणार नाही, त्याची पूजा करणार नाही, अशा आहेत. बाबासाहेबांची मांडणीच अशी की इतर धर्मांत जी जागा देवाची, ती धम्मात नीतीची. नियम ठेवला आणि राखणदार काढला. का पाळायचा, तर समोरच्या माणसाला दुःख होऊ नये म्हणून. असा नियम माझी मुलगी मला उलट विचारू शकते, आणि मला उत्तर द्यावं लागतं. पतितपावनमध्ये सगळे आत आले हे चांगलंच झालं, पण आत घ्यायचं की नाही हे ठरवणारा कोणीतरी राहिलाच ना?

रेवदंडा

अलिबागकडचा एक वेगळा दाखला देतो, कारण तो दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे.

आपल्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. नौगावजवळ गलबत फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा. मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवले, गावांच्या नावांवरून आडनावं घेतली. ग्रंथ हाताशी नव्हते, पुढचे धर्मगुरू फार उशिरा भेटले. तरी शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नावच पाडलं, शनवार तेली. त्या नियमाने कोणाचं पोट भरलं नाही, उलट एक दिवसाची कमाई गेली. कोणाला दाबलंही गेलं नाही, आणि मोडला असता तर विचारणारा कोण होता?

तेव्हा खाडीकाठ म्हणतात तसा प्रत्येक नियम गरजेचा किंवा सत्तेचा नसतो. 'आपले-परके' हे तुम्ही जाताजाता म्हणालात, मला वाटतं मुख्य गोष्ट तीच आहे. किंमत मोजून पाळलेला नियम माणसाला सांगतो की तू कोणाचा. म्हणूनच निरुपयोगी नियम सर्वांत चिवट असतात.

चिपळूणची सून

रेवदंडा यांनी वर्मावर बोट ठेवलं. आणि 'कोणाचा' या प्रश्नावरच गावकी माणसाला नमवते.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मुंबईहून सगळे येतात, अंगण सारवलेलं असतं. वाळीत टाकलेल्या घरापुढून मात्र पालखी तशीच पुढे जाते. कोणी मारत नाही, शिवी देत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याने २०१६ चा कायदा केला, आणि तो करावा लागला यात रायगड-रत्नागिरीच्या गावकीचा वाटा मोठा आहे. पण तक्रार करायला निघालेल्या बाईला आधी घरातलेच विचारतात, पालखी कायमची नको आहे का दारात?

देवगडकर, मला तुमच्याकडून सरळ उत्तर हवं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. नंतर सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक पाठवलं. देवाला न विचारता, माणसांनी बसून ठरवलेला नीतीचा नियम आहे हा. तुमच्या गावात हळदीकुंकवाला विधवेला बोलावतात का?

देवगडकर

नाही बोलावत. माझी धाकटी काकू आठ वर्षं त्या दिवशी शेजारच्या गावी बहिणीकडे जाते.

ठराव ग्रामसभेत मांडायला मी तयार आहे. पण आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बायका पंचायतीच्या कागदाला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी तो शब्द देवळात, गाऱ्हाण्यात उच्चारला जायला हवा. मानकऱ्यांशी मी बोलेन.

खाडीकाठ

आणि मानकरी नाही म्हणाले तर? किंवा कौल लावू म्हणाले आणि डावा पडला तर?

देवगडकर

कौल लावू देणार नाही. काकूला बोलवायचं की नाही हे कळ्या पाडून विचारण्यासारखं आहे असं मला वाटत नाही. मानकरी नाही म्हणाले तर ग्रामसभेत हात वर करून मत घेऊ. तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूला. देवराईचं मात्र मी अजून सोडलेलं नाही.