‘सेल्फ-असेम्ब्ली’ला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याहून विचारतोय. शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी नॅनोकणांवर टिपण लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. सोन्याचे पाचेक नॅनोमीटरचे कण, प्रत्येकावर सेंद्रिय रेणूंचं केसाळ आवरण. द्रावणाचा थेंब सावकाश वाळू दिला की कण जवळ येतात आणि ओळीने, थरावर थर असे बसतात. कुणी हात लावत नाही. मी ‘स्वयंरचना’ लिहिलं, तर आमच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, “रचना म्हटली की रचणारा आला.” पटलं. मग काय लिहू?

— बाईंचं बरोबर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मोसंब्यांची रास रचतात, खोबणीत एकेक बसवून. कणही बहुतेकदा तशीच ठेवण धरतात (सारख्या गोलांची याहून दाट ठेवण नाही, ७४ टक्के जागा भरते), पण रास रचणारा हात तिथे नसतो. ‘स्वयंजुळणी’ लिहा, सर. ‘रचणे’ सकर्मक, ‘जुळणे’ अकर्मक. लग्न जुळतं आणि लग्न जुळवतात, यातला फरक कुणाला शिकवावा लागत नाही!

— क्रियापद अकर्मक खरं, पण ‘जुळणी’ हे नाम केव्हाच जुळवणाऱ्याच्या ताब्यात गेलंय. छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवायचा तो जुळारी. १५५६ साली देशातला पहिला छापखाना आपल्या गोव्यातच आला, तेव्हा खिळे काही आपले आपण ओळीत बसले नसतील. तरी ‘स्वयं’ लागल्यावर जुळारी बाजूला होतो, म्हणून चालेल. ‘स्वयंसंघटन’ मात्र नको. त्याला युनियनचा वास आहे, शिवाय तो शब्द सेल्फ-ऑर्गनायझेशनसाठी राखून ठेवावा. तिथे बाहेरून ऊर्जा मिळते तोवरच आकृती टिकते. पातळ थरात तापवलेल्या तेलात षटकोनी कप्पे पडतात. आच बंद केली की गेले. तुमचे कण थेंब वाळल्यावरही जागच्या जागी राहतात.

— आमचं आजोळ पेडण्यातलं, आगरवाड्याचं. मिठागरात पाणी आटलं की मीठ ‘पिकतं’, कुणी दाणे घडवत नाही. सावकाश आटलं तर दाणा मोठा, चौकोनी. तुमच्या थेंबाचंही तेच ना? झटकन वाळला तर कणांना जागा सापडायला वेळ मिळत नाही, नुसता गठ्ठा होतो. मजकुरात सरळ ‘कण आपसूक जुळतात’ लिहा, नाम हवंच कशाला?

— शीर्षकाला हवंच. तर वर ‘स्वयंजुळणी’, आत ‘आपसूक जुळतात’. बाईंना दाखवलं. ‘केसाळ’ खोडून त्यांनी ‘लवदार’ केलंय, बाकी कायम.