चौदा महिन्यांच्या बाळाला जुलाब, ओआरएसची पुडी थोडी थोडी वापरली तर चालेल?

सांगलीवाडीची आई:
बाळ 14 महिन्यांचं, वजन 9 किलो. कालपासून सहा-सात वेळा पाण्यासारखी शी, दोनदा उलटी. मोठी पुडी आणलीय. त्यातली चमचाभर पावडर वाटीत कालवून देऊ का? वाटीभर पाजलं की लगेच ओकतंय. सासूबाई म्हणतात दूध बंद कर.

कृष्णाकाठ:
पुडी वाटून घेऊ नका ताई. मीठ आणि ग्लुकोज पुडीत सारखं मिसळलेलं असेलच असं नाही, त्यामुळे चमच्यात काय किती आलं ते कळत नाही. मोठी अख्खी 1 लिटरला, छोटी 200 मिलिलिटरला. तरी पुडीवर छापलेलं बघाच. तांब्या प्रत्येक घरचा वेगळा, म्हणून पाण्याच्या लिटरच्या बाटलीनं मोजा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. 24 तासांनी उरेल ते ओतून टाका, चार घोट उरले तरी. वरून साखर घालू नका. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते, जुलाब वाढतात. पाणी कमी पडलं तर रक्तात मीठ वाढतं, ते याहून वाईट.

मिरज वॉर्ड:
ओकतंय ते वाटीमुळे. 10 मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एकच चहाचा चमचा. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, म्हणजे असे 10 ते 20 चमचे. वेळखाऊ आहे खरं, पण पोटात टिकतं. अंगावरचं दूध अजिबात तोडू नका. मऊ भात-वरण, केळं, ताजं ताक द्या. उसाचा रस नको. जुलाब थांबवायची मोठ्यांची गोळी तर नकोच नको.

औषधवाला, विटा:
टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस समजून नेतात लोक. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्यानं, अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेली पुडीच मागा. सोबत झिंकची गोळी: सहा महिन्यांपुढे रोज 20 मिग्रॅ, चमच्यात पाण्यात विरघळवून, 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी कोर्स पुरा करा, इथंच सगळे सोडतात. पुडी आणि झिंक, दोन्ही गावच्या आशाताईंकडे फुकट मिळतं.

सांगलीवाडीची आई:
चमच्यानं टिकतंय! दवाखान्यात कधी न्यायचं?

मिरज वॉर्ड:
शीत रक्त, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, सुस्त पडलंय किंवा चमचाही घेत नाही, यातलं एक दिसलं तरी लगेच. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. सावकाश खाली बसली तर सकाळची वाट बघू नका, 108 लावा नाहीतर थेट सिव्हिल. वाटेतही चमचा चालूच ठेवा, पण बाळ शुद्धीवर असेल तरच.