लग्नाच्या सगळ्या रॉ फोटोंना एकच शार्पनिंग: चालतं की नाही?

लग्नघाई
लाइटरूम क्लासिकमध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) एका रॉ फोटोवर, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइलवर, शार्पनिंग (कडा ठळक करणं) ठरवायचं, बाकीचे निवडायचे, सिंक दाबायचं की तेच आकडे सगळ्यांना, विषय संपला. माझे आकडे: अमाउंट (जोर) ६०, रेडियस (कडेची रुंदी) १, डिटेल (बारकावे) २५, मास्किंग (सपाट भाग वगळणं) ५०. हजारो फोटोंवर एकेक स्लायडर कोण ओढत बसणार? अल्बम वेळेत गेला की पार्टी (गिऱ्हाईक) खूश. पटत नसेल तर कारण सांगा, 'फोटोग्राफी ही कला आहे' नको.

रानपाखरू
कारण आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता. सकाळची हळद अंगणात २०० ला, रात्रीचं रिसेप्शन हॉलच्या पिवळ्या उजेडात ६४०० ला, आणि दोन्हींना ६०? जरीची तार कुठली नि जास्त आयएसओला येणारा नॉइजचा दाणा कुठला, हे शार्पनिंगला कळत नाही. ते दोन्ही उठवतं. १०० टक्के झूम करून नवरदेवाचा काळा सूट बघा, रवा सांडल्यासारखा दिसेल.

आता ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर धरा. पांढरं तिथे शार्पनिंग लागतं, काळं तिथे नाही. हळदीच्या फोटोत ५० वर नथ, पापण्या, साडीचे काठ पांढरे आणि गाल काळे, झकास. तोच ५० रात्रीच्या फोटोला लावा, मागच्या कोऱ्या भिंतीवरही पांढरे ठिपके येतील.

लग्नघाई
भिंत कोण बघतं हो? १२ बाय ३६ च्या पानावर चार-पाच फोटो बसतात, दाणा छपाईत दबतो. तुम्ही पक्ष्यांचे फोटो काढता, ते निवांत बसतात, आमची वरात थांबत नाही.

जुनी_रीळ
पक्षी निवांत बसतात हे कुणी सांगितलं तुम्हाला? असो. दोघंही वेगवेगळ्या शार्पनिंगबद्दल भांडताय. रॉवरचं पहिलं शार्पनिंग सेन्सर आणि डिमोझेकिंगमुळे (सेन्सरच्या ठिपक्यांतून रंगीत फोटो जुळवणं) येणारा मऊपणा भरून काढण्यापुरतं. ते कॅमेरा, लेन्स, आयएसओवर ठरतं, नवरीच्या चेहऱ्यावर नाही. म्हणून ते घाऊक लावायला हरकत नाही, फक्त आयएसओप्रमाणे. २०२० पासून लाइटरूम क्लासिकमध्ये त्याची सोय आहे: कमी आणि जास्त आयएसओचे दोन फोटो नीट करा, दोन्ही निवडून आयएसओ-अडॅप्टिव्ह प्रीसेट (आयएसओप्रमाणे बदलणारे, जतन केलेले आकडे) बनवा. मधल्या आयएसओचे आकडे तो स्वतः काढतो. कागदासाठीचं शार्पनिंग वेगळं, ते एक्सपोर्ट करताना मॅट की ग्लॉसी बघून.

नवशिकी_पुणे
मग रॉला डिफॉल्ट ४० च ठेवून फक्त एक्सपोर्टला शार्पनिंग दिलं तर?

जुनी_रीळ
चालेल की. डिफॉल्टला मास्किंग शून्य असतं, तेवढं वाढवा.

रानपाखरू
प्रीसेट मान्य, पण त्याला आयएसओ कळतो, हललेला हात कळत नाही. १/३० सेकंदाला टिपलेल्या नाचाच्या फोटोत अमाउंट वाढवलं की कडेला रेघ उमटते, चेहरा स्थिर होत नाही. शिवाय सिंकच्या चौकटीत सगळ्या खुणा तशाच राहिल्या, तर हाताने सुधारलेल्या क्लोजअपचं क्रॉपसुद्धा जातं. घाईत हेच होतं, आणि कळतं अल्बम छापून आल्यावर.

लग्नघाई
सिंकमध्ये 'चेक नन' करून फक्त शार्पनिंगला खूण करायची, एवढं आम्हालाही येतं! तो आयएसओवाला प्रीसेट बनवतो या सीझनला. मास्किंग मात्र ५० च राहणार, आणि नाचाचे हललेले फोटो पार्टीच मागून घेते, त्यांना कडा दाखवायला तुम्ही या.