पंचम जॉर्जच्या रुपयावरचा प्राणी : हत्ती म्हणायचे की डुक्कर?

कोपरीकर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी नौपाड्यातील एका सभागृहात जुन्या नाण्यांचे लहानसे प्रदर्शन भरले होते. तेथे पंचम जॉर्जच्या १९११ च्या चांदीच्या रुपयाखाली एवढीच चिठ्ठी होती : 'डुक्कर रुपया'. शेजारच्या १९१२ च्या रुपयाला मात्र 'पंचम जॉर्ज, एक रुपया' असे सभ्य नाव मिळाले होते. मला ही चिठ्ठी चुकीची वाटते.

नाण्यावर डुक्कर नाही, हत्ती आहे. राजाच्या झग्यावर 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' या १८७८ साली सुरू झालेल्या किताबाची साखळी दाखवली असून तिच्यात हत्ती, मोर, कमळे आणि गुलाब गुंफलेले असतात. (काही जण याला 'हत्तीचा किताब' म्हणतात, त्या नावाचा किताब डेन्मार्कचा आहे, त्याचा या नाण्याशी संबंध नाही.) शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल यांनी घडवलेल्या राजाच्या मुखवट्यावरून ठसा तयार झाला, तेव्हा मसुराच्या डाळीएवढ्या जागेत हत्तीची सोंड इतकी आखूड आणि पाय इतके खुरटे उतरले की पाहणाऱ्याला डुकराचा भास व्हावा. मुसलमान समाजात नाराजी पसरली. कलकत्ता आणि मुंबई टांकसाळींनी मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते. त्यांतले सात लाखांच्या आसपास बाहेर गेल्यावर वाटप थांबले आणि १९१२ पासून लांब सोंडेचा नवा ठसा आला. ज्या चुकीची दुरुस्ती सरकारने वर्षभरात केली, ती चूक आपण शंभर वर्षांनंतर नाव म्हणून का मिरवावी?

वाशीचा संग्राहक

कोपरीकर, आपली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. हा रुपया आज कोणी भिंग लावून पाहत असेल, तर तो त्या नावामुळेच. नाहीतर एक तोळा वजनाच्या, राजाचे तोंड असलेल्या असंख्य रुपयांपैकी तो एक. नाव ठेवण्याचा अधिकार टांकसाळीचा नसतो, ज्याच्या कनवटीला नाणे असते त्याचा असतो. 'गधैया' नाण्यांचेच पाहा. त्यांवर गाढव नाहीच. इराणच्या सासानी राजाचा मुखवटा आणि मागे अग्निवेदी. नकलेवर नक्कल होत चित्र इतके बिघडले की चेहरा ओळखू येईना, आणि नावात गाढव येऊन बसले. अभ्यासक आजही गधैयाच लिहितात. तेथे आपण चिठ्ठी बदलायला जाणार आहात का?

शिवाय १८५७ ची काडतुसे विसरून चालणार नाही. गाय आणि डुक्कर यांच्या चरबीवरून काय होऊ शकते, हे सरकारने पाहिलेले होते. माझ्या मते घाई झाली ती त्या आठवणीमुळे, आणि ती सगळी भीती 'डुक्कर' या एका शब्दात साठलेली आहे. शब्द काढला की उरते ती केवळ कारागिराची चूक.

कोपरीकर

गधैयाला दुसरे रूढ नाव नाही, म्हणून ते चालते. येथे प्राणी कोणता हे आपल्याला ठाऊक आहे, कशासाठी कोरला हेही ठाऊक आहे. भीतीचा मुद्दा मान्य. पण तो चिठ्ठीवर दोन ओळींत लिहिता येतो. नुसते 'डुक्कर रुपया' वाचून माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी आपल्या मुलीला सांगितले, की इंग्रजांनी मुद्दाम डुक्कर कोरले होते. नाव एकटे सोडले की ते असे भलतेच सांगत सुटते.

पाचपाखाडीची वाचक

मला दोघांशीही थोडे भांडायचे आहे. ज्या नाण्यांवर खरोखर वराह होता, त्यांची गोष्ट कोणीच काढली नाही. प्रतिहार राजा भोजाच्या नवव्या शतकातील नाण्यांवर वराहावतार आहे आणि मागे 'श्रीमदादिवराह' अशी अक्षरे आहेत. चालुक्यांचे राजचिन्हच वराह. पुढे विजयनगरच्या सोन्याच्या नाण्यावर बाळकृष्ण आला, उमामहेश्वर आले, तरी लोक त्याला 'वराह'च म्हणत राहिले. आपल्याकडे तोच होन. म्हणजे चित्र गेल्यावरही नाव टिकते, हा वाशीकरांचा मुद्दा सिद्ध होतो. पण तो आदराचा वराह होता.

'डुक्कर रुपया' हे मात्र लोकांच्या तोंडचे मराठी नाव आहे, हे मला मान्य नाही. आमच्या आजीच्या डब्यात राणीछाप आणि राजाछाप रुपये होते, आणि घरात दुसरे कोणतेही नाव मी ऐकले नाही. विक्रेत्यांच्या 'पिग रुपी'चे हे शब्दशः भाषांतर दिसते. कनवटीचा अधिकार सांगायचा असेल, तर तो राजाछापच्या बाजूने जातो.

वाशीचा संग्राहक

आजींच्या डब्यापुढे मी काय बोलणार! तरीही संग्राहकांची पिढी हीसुद्धा लोकच आहे. आम्ही हे नाव किती वर्षे वापरतो आहोत. भाषांतरित शब्दही वापरून आपला होतो.

ऐरोली–ठाणे

नावाच्या वादात एक व्यवहाराची गोष्ट सुटते आहे. या नावामुळे विक्रेते पंचम जॉर्जचे कोणतेही झिजलेले नाणे 'डुक्कर' म्हणून गळ्यात मारतात. मला १९१६ चा रुपया तसा विकला गेला आहे. सोंड झिजली की नव्या ठशाचा हत्तीही बिचारा आखूड नाकाचा दिसतो. म्हणून आधी साल पाहावे : १९११ असेल तरच जुना ठसा. मागच्या बाजूला खालच्या कमळाजवळ उठावदार ठिपका असेल तर नाणे मुंबईचे, नसेल तर कलकत्त्याचे. आणि हा हत्ती फक्त रुपयावर नाही, १९११ च्या ब्राँझच्या पाव आण्यावरही आहे. मग 'डुक्कर रुपया' या नावात तो पाव आणा कोठे बसवायचा?

कोपरीकर

पाव आण्याचे माझ्या ध्यानात आले नव्हते. आयोजकांना मी ही चिठ्ठी सुचवतो : 'पंचम जॉर्ज, १९११, जुना ठसा. साखळीतील हत्ती डुकरासारखा दिसल्याने वाटप थांबले. संग्राहकांत डुक्कर रुपया या नावाने प्रसिद्ध.'

वाशीचा संग्राहक

चालेल, फक्त 'प्रसिद्ध' हा शब्द आधी घ्या आणि अक्षर मोठे ठेवा.

पाचपाखाडीची वाचक

अक्षर मोठे करायचेच असेल, तर ते 'हत्ती'चे करा.